एकच गंज पुढे सरकवा

बाई,

परवा तुमच्या घरी जलदान विधी झाला. भंतेजींनी वंदना घेतली, मेणबत्त्या लागल्या आणि मग बोलणाऱ्यांची रांग सुरू झाली. पहिल्याने सांगितलं की करुणाबाई आरमोरीच्या, मजुरी करणाऱ्या आईबापाची लेक, कष्टातून वर आलेल्या. दुसऱ्याने आरमोरीपासूनच सुरुवात केली. तिसरा आता तरी पुढे जाईल असं वाटलं, तर तोही पुन्हा आरमोरीला. मी मागच्या खुर्चीत बसून खाली मान घालून हसत होतो आणि शेजारचे मला रडतोय समजून पाठीवर हात फिरवत होते. तुम्ही जवळ असता तर माझ्या कानाशी नक्की कुजबुजला असता, "पाह्य वासू, भाजी तीच, दर खेपेले नवा गंज. कायले उतरवून घेऊन राह्यले रे हे सारे?"

माझी पाळी आली तेव्हा मी उठलो नाही. मला जे सांगायचं होतं ते तिथे कोणालाच कळलं नसतं आणि जिला कळलं असतं तिचा फोटो समोर हार घालून ठेवला होता. घरी आल्यावर वाटलं, मग तुम्हालाच लिहावं.

गडचिरोलीतलं आपलं संगणक केंद्र. जिल्हा नवा, अर्धी कार्यालयं भाड्याच्या घरात. आपलंही तसंच: खाली पूर नियंत्रण कक्ष, वर आपण. कूलर एकच आणि तोही यंत्रासाठी, माणसांसाठी नव्हे. मे महिन्यात फायली देण्याच्या निमित्ताने खालची माणसं यंत्राच्या खोलीत यायची आणि दहा मिनिटं हलायची नाहीत. तुम्ही प्रोग्रामर, मी टेप चढवणारा-उतरवणारा ऑपरेटर, मंदा टायपिस्ट, आणि आपल्या सगळ्यांचे साहेब, बसायचे खाली, मूळचे कोकणातले, माणूस भला पण जरा धास्तीखोर.

त्या उन्हाळ्यात वरच्या कार्यालयातून टेप आली. कर्नलमधला नेटवर्कचा भाग. कर्नल म्हणजे यंत्राच्या गाभ्यातला कारभारी, मेमरी कोणाला किती, तार कोणाच्या ताब्यात, प्रिंटर कोणाचा, हे सगळं तो ठरवतो. सोबत त्या कोडची छापील प्रत होती, कडांना भोकं पडलेल्या जोडकागदाचा जाडजूड गठ्ठा. हुकूम साधा होता: पावसाळ्याआधी हे आपल्या आणि अहेरीच्या यंत्रावर लावा. प्राणहितेच्या काठच्या चौक्यांवरून पाण्याची पातळी बिनतारीने अहेरीला यायची, तिथला ऑपरेटर व्यंकटी ती टाईप करायचा, छतावरच्या छत्रीतून उपग्रहामार्गे आकडे आपल्याकडे यायचे, आपला प्रिंटर ते छापायचा आणि मंदा कागद फाडून खाली नियंत्रण कक्षात न्यायची. त्यावर खालची माणसं ठरवायची की कोणतं गाव उठवायचं.

साहेब म्हणाले, टेप चढवा, मोकळे व्हा. तुम्ही म्हणालात की वाचल्याशिवाय नाही. साहेब म्हणाले की वरच्या लोकांनी वाचूनच पाठवलंय. तुम्ही नुसतंच "हाव" म्हणालात, आपल्याकडचं हो, आणि गठ्ठा उचलून व्हरांड्यात गेलात. तुमच्या "हाव"चा अर्थ "नाही" असा असतो, हे साहेबांना पुढे पुष्कळ दिवसांनी कळलं.

कागद तुम्ही व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरला, वर दगड ठेवले आणि मला हाक मारली. मी शिकलो होतो पण कर्नलच्या कोडला हात लावायची माझी छाती नव्हती. तुमच्याजवळ उकिडवा बसलो. मला वाटलं पहिल्या ओळीपासून वाचायचं. तुम्ही हसलात. "आपण गाव पाह्याले नाई आलो. एका पाव्हण्याच्या मांगं मांगं जाऊ. तो कुठी थांबते, कुठी पाणी पेते, ते पाहू." मग अहेरीहून निघालेलं एकच पॅकेट धरलं, चार ओळींचा निरोप, आणि बोट ठेवून त्याच्या मागे निघालो. गुडघ्यांवर सरकत सरकत. आजही मला नवा कोड दिला तर मी तसाच वाचतो. फक्त गुडघे आता सरकत नाहीत.

पाव्हण्याचे हाल होते, बाई. दारातून आत आला की ड्रायव्हर, म्हणजे कर्नलचा दारवान, त्याला एका बफरमध्ये, मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, घ्यायचा. पुढचा टप्पा नवा बफर मागायचा आणि सगळा निरोप त्यात उतरवून घ्यायचा. त्याच्या पुढचा आणखी नवा. प्रिंटरच्या रांगेसाठी वेगळा. जुने बफर लगेच सोडायचेही नाहीत. बफर हा शब्द तुम्ही दोन दिवसांतच टाकून दिलात आणि त्याला गंज म्हणायला लागलात, आपल्याकडे पातेल्याला म्हणतात तो. "चार घास भाजी, अन् गंज पाह्य किती खरकटे केले." यंत्राची मेमरी तेव्हा टीचभर. एखाद-दुसरा निरोप आला तर चालून जायचं. पण पुरात सगळ्या चौक्या एकदम बोलायला लागल्या की गंज संपणार, कर्नल रिकाम्या गंजाची वाट पाहत बसणार आणि भरलेला गंज रिकामा करायलाही आधी एक रिकामाच लागणार. म्हणजे यंत्र ठप्प. व्यंकटी ते बंद करून पुन्हा चालू करू शकला असता, पण तोवर आत आलेले आकडे पुसले जाणार.

तुम्ही हे साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी वरच्यांच्या कोडला हात लावायचा नाही असं सांगितलं, मग तुमचा चेहरा पाहून फोनवर फोन केले आणि संध्याकाळी अट घेऊन आले. बदल करा, पण तुमच्या जबाबदारीवर. हा पावसाळा सुरळीत गेला तर ठीक. यंत्र अडलं तर कोड लिहायचं काम इथून उठेल, नागपूरला जाईल, आणि त्याच्यासोबत तुमची बदलीही नागपूरला. साहेबांचं वाक्य संपायच्या आत तुम्ही मंजूर म्हणून मोकळ्या झालात.

तुमची म्हातारी आई आरमोरीत एकटी होती, मोठ्या शहरातली मोठी नोकरी तुम्ही तिच्यासाठी सोडली होती. पण ते निम्मंच कारण. "इथलं काम इथी होते, त्याले बाहेरून माणूस लागत नाई," हे तुमचं ठाम मत होतं आणि ते खोटं ठरलं असतं तर तुम्ही मनातून मोडला असता. माझं दुःख साधं होतं. तुम्ही गेलात की मी परत टेप चढवणारा. मला नुकतंच कुठे कोणीतरी माणसात आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून पिशवीभर गंज, वाट्या, गडवे घेऊन आलात. टेबलावर मांडलेत. मी ड्रायव्हर, तुम्ही मधला टप्पा, मंदा प्रिंटर. गंजात चिठ्ठी टाकायची आणि नियम एकच: चिठ्ठी या गंजातून त्या गंजात उतरवायची नाही, गंज उचलून पुढच्याच्या हाती द्यायचा. त्याच्या कडेला आधीच थोडी जागा सोडायची, म्हणजे प्रत्येक टप्प्याला आपला शिक्का मारायला पुन्हा भांडं बदलावं लागत नाही. मंदाला हे काम टायपिंगपेक्षा फार आवडलं. ती चिठ्ठी मोठ्याने वाचायची, मुद्दाम सावकाश, प्रिंटरसारखी, अक्षरागणिक मान हलवत. तेवढ्यात साहेब आले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, आपल्या तिघांकडे पाहिलं, आणि आल्या पावली परत गेले. मागाहून त्यांनी मला हळूच विचारलं की करुणाताईंच्या घरी काही कार्य आहे का.

आपला वाद इथेच सुरू झाला. मी ढिवराच्या घरचा. आमच्या गावात तलावात जाळं पडलं की काठावर वाटे पडतात, ज्याचा वाटा त्याच्या टोपलीत, मग कोणाची भांडणं नाहीत. मी म्हटलं, प्रत्येकाला त्याची प्रत वेगळी द्यावी, मेमरी जाते पण डोकं शांत राहतं. तुमच्या घरी एका गंजाभोवती सगळं घर बसायचं. तुम्ही म्हणालात की अन्न एकच आहे, ते पाच ठिकाणी काढून ठेवल्याने वाढत नाही. मी म्हटलं, एका भांड्यात दोघांचे हात गेले की घोळ होतो. तुम्ही म्हणालात, "तुह्या घरी होत असन." त्या दिवशी मी चिडून डबा न खाताच घरी गेलो.

आणि त्याच रागाच्या भरात तुम्हाला ती कल्पना सुचली. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. भाजी आली तर जाताना त्यात निदान गुळाचा खडा जातो. निरोप पोचला की अहेरीला "पोचलं" असं उत्तर पाठवावं लागायचं, नाहीतर व्यंकटीचं यंत्र तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवायचं. त्या उत्तरासाठी जुना कोड आणखी एक नवा बफर घ्यायचा. तुम्ही म्हणालात, कशाला? ज्या गंजात निरोप आला त्यातच "पोचलं" भरा, पत्ता उलटा करा, आल्या वाटेने परत पाठवा. मी सकाळी आलो तेव्हा तुम्ही हे लिहून बसल्या होत्या आणि तोंडावरून आनंद नुसता ओसंडत होता. मी रागावलेलोच होतो, पण वाचल्यावर मला हसू आलं. एवढं नेटकं काम मी पाहिलं नव्हतं. कोणी परकं असतं तर त्याला हे सुचलं नसतं.

आपण अहेरीला गेलो जीपने. आलापल्लीच्या सागवनात तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून बसलात, जीपवाला ओरडला तरी आत घेतला नाहीत. अहेरीत आठवडी बाजार भरला होता. व्यंकटीने आपल्याला यंत्र दाखवायच्या आधी बाजार दाखवला, एका गोंड बाईकडून तुमच्यासाठी मोहफुलं घेतली, तेलुगूत घासाघीस केली आणि मराठीत आपल्याला सांगितलं की फसवलं तिने. यंत्रावर नवा कोड चढवला. पहिला निरोप गेला, गडचिरोलीहून "पोचलं" आलं. व्यंकटीने चहा मागवला. तुम्ही परतीच्या वाटेवर गाणी म्हटलीत, आवाज भसाडा, पण ते तुम्हाला आयुष्यभर कोणी सांगितलं नाही. आता सांगतो.

मग घोटाळा सुरू झाला. चाचणीसाठी व्यंकटी एकामागोमाग एक निरोप पाठवायला लागला की आपल्या कागदावर काहींची डोकी उडालेली. पाण्याची पातळी व्यवस्थित, पण ती कोणत्या चौकीची, ते नाव गायब आणि त्या जागी "पोचलं"चे तुकडे. एकेकटा निरोप आला तर काही होत नव्हतं. पाणी इतकं आणि इतकं, पण कुठलं? खाली नियंत्रण कक्षात असा कागद गेला असता तर कोणाला उठवायचं होतं? आपण छत्रीला दोष दिला, मग विजेला, मग व्यंकटीला. फोनवर तुम्ही त्याला फार बोललात. तो बिचारा एकच सांगत होता की मॅडम, नाव मी दर वेळी टाकून राह्यलो. साहेब दिवसातून दोनदा वर येऊन कागद पाहून जायचे. मृग जवळ आला होता. तुम्ही नागपुरातल्या खोल्यांच्या भाड्याची चौकशी केलीत, ती मंदाने ऐकली आणि मला सांगितली.

आणि मग आमच्या आईने झिंगे पाठवले. आमच्या तलावातले बारीक झिंगे, रस्सा करून, मोठ्या डब्यात, तिघांसाठी. गावचा एक माणूस कचेरीच्या कामाने आला होता, तोच डबा घेऊन आला आणि दुपारच्या बसने परत जाणार होता. तुम्ही जेवलात, मी जेवलो, मंदा ट्रेझरीत गेली होती. माणूस घाई करू लागला, बस निघेल म्हणाला. आता डबा रिकामा कसा पाठवायचा? तुम्ही घरून मोहफुलाचे लाडू आणले होते, अहेरीच्याच मोहफुलांचे. डोकं त्या उडालेल्या नावांत, हात डब्यात. झाकण अर्धं उघडून लाडू टाकलेत, बंद केलंत. एवढ्यात मंदा आली, भुकेली, म्हणाली थांबा माझे झिंगे कुठी आहेत, आणि तिने झाकण काढलं.

रश्श्यात लाडू उभे होते. मंदाने एक लाडू बोटांनी वर काढून पाहिला. मग म्हणाली, "बाई वो, माह्यं जेवण बाकी होतं न."

आपण तिघंही हसलो, तो डबा न्यायला आलेला माणूसही हसला. तुम्ही तर भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मग हसता हसताच तुमचा चेहरा बदलला. मंदाकडे बोट दाखवून तुम्ही म्हणालात, "वासू. मंदा प्रिंटर होती."

ते कळायला मला क्षणभर वेळ लागला. प्रिंटर हळू. त्याने निरोपाचा गंज घेतला, अजून वाचायचा बाकी, आणि इकडे आपण तोच गंज "पोचलं" भरून परत पाठवायला काढला. उत्तर नावाच्या जागी बसलं, खालचे आकडे तसेच राहिले. निरोप एकटा असला की प्रिंटर वेळेत जेवून उठायचा. गर्दी झाली की त्याचं ताट बाकी असतानाच आपण त्यात गोड वाढत होतो. चूक छत्रीची नव्हती, विजेची नव्हती. चूक आपल्या चालीरीतीची होती, बाई, आणि ती फक्त आपल्यासारख्यांनीच करावी अशी होती. मंदाने लाडू धुऊन खाल्ले. चांगले लागले म्हणाली, पण ती मनाने फार मोठी.

तुम्ही सगळ्यात आधी अहेरीला फोन लावलात आणि व्यंकटीची माफी मागितलीत. तो म्हणाला, जाऊ द्या मॅडम, माझी बायको तर रोज बोलते. मग दुरुस्तीवरून आपण जे भांडलो ते सगळ्या इमारतीने ऐकलं. मी म्हटलं, दोन ओळींचं काम आहे, प्रिंटरला त्याची प्रत वेगळी द्या, विषय संपला. तुम्ही म्हणालात की पुराच्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी प्रिंटरच्याच रांगेत असणार आणि तिथेच प्रती काढल्या तर पुन्हा गंज संपणार. "जेवणारे मोजू. दर गंजावर आकडा. बसला की एक वाढवा, उठला की एक कमी. शेवटचा उठला की गंज मोकळा. तोवर कोणी हात नाई लावाचा." मी म्हटलं, म्हणजे "पोचलं" उत्तरही हळू प्रिंटरसाठी ताटकळणार, तोवर अहेरी तोच निरोप पुन्हा पाठवणार. त्यावर तुम्ही कागदावर वेळेचा हिशेब मांडलात. मग म्हणालात, "बरं. उत्तराले लहान वाटी वेगळी." जन्मात पहिल्यांदा तुमच्या हातून कोणाचं भांडं रिकामं परत गेलं आणि तुम्हाला ते किती जड गेलं हे मी पाहिलं. पण मोजणी राहिली. ती तुमची.

पाऊस आला तो थांबेना. आलापल्लीच्या पुढचे नाले रस्त्यावरून वाहायला लागले, अहेरीचा फोन गेला, उरली फक्त छत्री. चौक्यांनी पाणी चढतंय म्हणून धोशा लावला. आपल्या पडद्यावर रिकामे गंज किती उरले ते दाखवणारा आकडा तुम्ही लावला होता. तो सकाळपासून घसरत होता. प्रिंटर करकरत होता, मंदा कागद फाडून जिना उतरत होती, चढत होती. प्रत्येक कागदावर चौकीचं नाव होतं. मी नाव पाहायचो आणि आकडा पाहायचो. दुपारी आकडा इतका खाली गेला की तुम्ही खुर्ची सोडून उभ्या राहिलात. तुम्ही काठच्या गावांचा विचार करत होतात, मला ठाऊक आहे. मी करत नव्हतो. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझ्या मनात एवढंच होतं की हा शून्य झाला तर बाई जातील.

आकडा तिथेच रेंगाळला. प्रिंटर एकेक जेवण उरकत गेला, गंज मोकळे होत गेले, आकडा थोडा वर आला, पुन्हा खाली, पुन्हा वर. संध्याकाळी खालून निरोप आला की काठची गावं वेळेत उंचावर शाळांमध्ये हलली. तुम्ही खुर्चीत बसलात आणि एवढंच म्हणालात, "चालून राह्यलं रे." मग मंदाच्या दुखऱ्या पायांना तुम्ही स्वतः तेल चोळलंत. ती लाजेने मेली.

पावसाळा संपला तेव्हा साहेब स्वतः वर आले. म्हणाले, नागपूरला कळवलंय, काम इथेच राहील आणि करुणाताईही. मला वाटलं आता तुम्ही काहीतरी मोठं बोलाल. तुम्ही म्हणालात, "मंग साहेब, दुसरा कूलर द्या. माणसाईले."

तुम्ही राहिलात, म्हणून मला पुढची वर्षं मिळाली. तुम्ही मला कोड लिहायला बसवलंत, मग टोचून टोचून परीक्षेला बसवलंत, मग एक दिवस, आता माझ्या पदराखालून निघ, असं सांगून हैदराबादला हाकललंत. तिथे माझ्या हाताखाली मोठी यंत्रं आली. त्यांत मेमरी इतकी की ढीगभर प्रती काढल्या तरी कळू नये. मी मुद्दाम फोन करून सांगायचो की बाई, आता मेमरी स्वस्त आहे, माझंच बरोबर होतं. तुम्ही विचारायचात की स्वस्त आहे म्हणून सांडायची का. दर दिवाळीला, दर मुलाच्या बारशाला, तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमातसुद्धा. आमच्या घरी बायको म्हणायची की तुमचा एवढा जुना वाद मिटवा एकदा. आम्हा दोघांनाही तो मिटवायचा नव्हता. तुमच्याशी भांडण्यात जे सुख होतं ते पुष्कळांच्या कौतुकात नव्हतं, बाई. हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही ते लगेच वापरलं असतं.

गेल्या महिन्यात नागपूरच्या इस्पितळात आलो. तुम्ही एवढ्याशा झाल्या होत्या. नाकात नळी. तुमची लेक बाहेर गेली तशी तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "वासू, तुह्यं बरोबर होतं. प्रतच काढाले पाह्यजे होती. दोन ओळी."

इतकी वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो, पण अशी नव्हे. बाई हार मानतात म्हणजे बाई निघाल्या. मला ते चालणार नव्हतं. मी म्हटलं, नाही बाई, तुमचंच बरोबर होतं. पुराच्या दिवशी तो आकडा किती खाली गेला होता, विसरलात? प्रती काढल्या असत्या तर दुपारीच ठप्प. तुम्ही म्हणालात की नसतं झालं, निरोप लहान होते. मी म्हटलं, निरोप लहान असले तरी रांग लांब होती. तुमची मान उशीवरून उचलली गेली. डोळ्यांत ती जुनी चमक आली. म्हणालात की मी तेव्हाही नीट मोजलं नव्हतं आणि आताही मोजत नाही. मी आवाज चढवला. तुम्हीही चढवलात, जेवढा चढत होता तेवढा. मी तुमच्या बाजूने भांडत होतो, तुम्ही माझ्या.

मग तुम्ही हात वर करून मला थांबवलंत, दम घेतलात. "मोजणीचा कोड मी लिवला. मी होती तवर मले समजला. माह्या मांगं जो वाचन त्याले समजला पाह्यजे का नाई? दोन ओळी कोणालेई समजते."

माझी बाजू एवढ्या वर्षांत मला इतकी चांगली कधी मांडता आली नव्हती. माझ्याच बाजूने बोलून तुम्ही मला हरवलंत.

आवाज ऐकून सिस्टर धावत आल्या. मला म्हणाल्या की पेशंटला त्रास देऊ नका, उठा आता. तुम्ही नळी सावरली आणि हसत म्हणालात, "अवो, त्रास तो नाई देऊन राह्यला. मी त्याले देऊन राह्यली. बसू द्या त्याले."

मी बसलो, बाई.